खिडकीची जागा

आता काय सांगू तुम्हाला, गाडीत जागा धरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या रहिमतपुरात कोणी नव्हता! निदान त्या दिवसापर्यंत तरी.

लढाई संपली आणि रेल्वेवाल्यांना नवेपणाचं वेड लागलं. आमचे जुने डबे काढले आणि नवे आणले. नव्यांच्या खिडक्यांना काय, तर गज! अहो, खिडकीतून उपरणं टाकून जागा धरायची नाही, तर माणसानं प्रवास तरी कशाला करायचा? असा संताप आला मला, विचारू नका.

त्यात सांगलीला भाचीचं लग्न, गोरज मुहूर्त. तिला बोहल्यावर आणणारा एकुलता एक मामा मीच. दुपारच्या गाडीसाठी स्टेशनात आलो, तर बाजूच्या रुळावर जुना डबा उभा. बिनगजाचा! म्हटलं, आली अक्कल रेल्वेला. गाडी आली की हा मागं जोडणार. टाकलं उपरणं, धरली खिडकी.

जरा वेळानं एक बाई चढली. डोक्यावर जळण, काखेत कोंबडी. तिनं दाराशी शेगडी मांडली. मी खवळलो. हा डबा आहे की स्वयंपाकघर, म्हणून तिला चांगलं झापलं.

ती म्हणाली, "आवं दादा, ह्यो डबा आता कुठं जायाचा न्हाई. रेल्वेनं आमाला ऱ्हायाला दिलाय. मालक रुळावर कामाला हाईत माझं."

घ्या! खिडकी बळकावायला लोक काय काय थापा मारतात, ते मला नवीन होतं का? मी म्हणालो, "बाई, मी उठणार नाही."

"बसा की मग," म्हणून ती भाकरी थापायला लागली.

गाडी आली. गजांच्या डब्यांत लोक कोंबून घेत होते आणि मी मिशीत हसत होतो. शिट्टी झाली, गाडी हलली. अरे, एक डबा विसरलास, म्हणून मी ड्रायव्हरच्या नावानं ओरडलो. गार्डचा डबा नाकासमोरून गेला, तरी मी उपरणं उचललं नाही.

बाईनं भाकरी पुढं केली. "खावा दादा. आता उद्याचीच गाडी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी सांगलीत पोचलो, तर मांडव सोडत होते. मामा म्हणून शेजारचा वाणी उभा केला होता म्हणे. बहिणीचे डोळे रडून सुजलेले.

"दादा, गाडी चुकली व्हय?"

काय सांगणार तिला? गाडी यायच्या आधीपासून मी गाडीतच होतो. आणि जागा खिडकीची होती!