मोठ्या मायच्या दाताचं भविष्य

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली दिवाळीची सुट्टी. ढाणकीजवळच्या आमच्या गावात घराघरांत कापूस आढ्यापर्यंत भरून पडला होता. मी मात्र यवतमाळला वर्गमैत्रिणीच्या वडिलांच्या दवाखान्यात काम बघायला जात होते. आम्ही दोघी दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या घरी जेवताना हिरड्यांवर बोलणं चाले. आमच्या घरी दात दुखला की लवंग. कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. तिचा हेवा वाटायला तेवढं पुरेसं होतं, पण दवाखान्यात तो वाढतच गेला.

सर, म्हणजे तिचे वडील, जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावत. त्यांची एक रीत होती. स्क्रू बसवायच्या आधी ते आम्हाला पेशंट तपासायला लावत आणि विचारत, "हं, सांगा भविष्य. पुढे काय बिघडेल?" जिचं भविष्य त्यांना पटेल, ती खुर्चीशेजारी उभी राहून मदत करणार. दुसरी भिंतीशी. मी बहुतेक वेळा भिंतीशी असे.

म्हणून मी मोठ्या मायला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, घेऊन आले. पायरियानं तिचे पुढचे दोन दात पडले होते. लावलेले नकली दात बोलताना निसटायचे, म्हणून ती चारचौघांत तोंडावर पदर धरूनच हसायची. तिला पक्के दात हवे होते. मला, निदान घरच्या माणसाच्या वेळी तरी, खुर्चीशेजारची जागा हवी होती.

आधी मी तपासलं.

"मोठी माय, तंबाखू खातेस का?"

"मी? ते तुह्या मोठ्या बाबाचं काम!"

शुगर नव्हती. हिरडीत मापाच्या खुणा असलेली बारीक सळई घालून पाहिली, तर रक्ताचा थेंब नाही. मी सरांना म्हटलं, "हिरड्यांचे उपचार मागे झालेत. आता रक्त येत नाही. दात टिकतील, सर."

मग मैत्रीण आली. तिनं मोठ्या मायच्या केसांत अडकलेला कापूस अलगद काढला. तो मला सकाळपासून दिसला नव्हता. मग विचारलं, "काकू, सकाळी दात कशाने घासता?"

"मिसरीनं. कायले?"

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घेऊन अंगणात घासत बसलेली मोठी माय मी लहानपणापासून पाहिली होती. पण आमच्याकडे तंबाखू 'खातात' आणि मिसरी 'घासतात'. माझ्यासाठी ते मंजन होतं. मैत्रिणीला त्यात तंबाखू दिसली, कारण ती आमच्या अंगणात कधी बसलीच नव्हती.

"बाबा," ती सरांना म्हणाली, "रक्त येत नाही म्हणजे हिरड्या बऱ्या झाल्या असं नसेल. तंबाखूनं रक्त दबतं. आत आजार चालूच असेल. ज्यानं दात गेले, तोच उद्या स्क्रूभोवतीचं हाड खाईल."

सरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि मान हलवली. मिसरी सोडायची, हिरड्या पुन्हा साफ करायच्या, मग पुढचं बघू.

ती बरोबर होती, म्हणूनच जास्त झोंबलं. पुस्तकं तिची, वडील तिचे, खुर्ची तिची. मिसरी तरी माझी होती!

मला वाटलं, मोठी माय माझ्यावर चिडणार. पण तिनं कमरेची मिसरीची डबी काढली आणि सरळ मैत्रिणीच्या हातात ठेवली. "घे माय, तूच ठेव. सोडतो आता."

बसस्टँडवर उमरखेडच्या गाडीची वाट पाहताना माझ्यानं राहवलं नाही. "मी तुही घरची. मले काहून नाही देल्ली डबी?"

"घरची हायेस म्हणूनच," ती म्हणाली. "तुह्यापाशी देल्ली असती तं संध्याकाळीच वापस मागतली असती." मग पदर तोंडावर घेऊन हसली. "अन् तू देल्ली असती."

गाडी लागली. मी तिची पिशवी उचलून पायरीवर ठेवली. दिली असती, खरंच.