दिंद्रुडच्या भट्टीतलं पोटॅशियम

तेलगावला एसटी बदलली तेव्हाही ज्वाळेचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राची पेटी माझ्या मांडीवरच होती. ऊस मागे पडला, कपाशीची मोकळी रानं लागली. बांधाबांधावर पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग. याच जळणाची तपासणी करायला मी पुण्याहून निघाले होते.

दिंद्रुडला सरकीच्या तेलगिरणीचे मालक बाप्पा फाटकातच भेटले. "पऱ्हाटी जाळली की बॉयलरच्या नळ्यांवर खंगर (वितळून दगड झालेली राख) धरतोय, मॅडम. आता कोळसाच आणतो."

कोळसा आला असता तर पऱ्हाटी गोळा करणाऱ्या बायकांचं काम गेलं असतं. त्यांच्या म्होरक्या कांताबाई शेजारीच उभ्या होत्या. "आमच्या जुन्या ढिगाकडं तर बगतबी न्हाईत. पावसात भिजलता म्हणून. आता वाळलाय की! कावून (का) नको?"

तो ढीग पाहून मी खूश झाले. पऱ्हाटी जळताना तिच्यातलं पोटॅशियम वाफेसारखं सुटतं आणि राख चिकट करतं. पावसानं त्यातलं बरंचसं आधीच धुऊन नेलं असणार. मला खात्री होती. बाप्पांना पुरावा हवा होता.

गिरणीतल्या सलीमभाई मिस्त्रींनी बॉयलरच्या भट्टीच्या दाराला काच बसवली. ज्वाळेतल्या पोटॅशियमचा गडद लाल प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही, यंत्र तो टिपतं. पण जाळ धरताच काच काजळली आणि यंत्राच्या पडद्यावरची पोटॅशियमची रेषा गायब झाली.

"ठैरो, मॅडम," म्हणत सलीमभाईंनी आतल्या बाजूनं हवेची नळी सोडली. काच साफ राहू लागली.

ताजी पऱ्हाटी टाकली, रेषा उंच उसळली. तेवढ्याच वजनाची कांताबाईंची टाकली, रेषा जेमतेम उठली.

बाप्पांनी चष्मा पुसला. "पुन्यांदा करा."

पुन्हा केलं. तेच दिसलं.

"बरं," बाप्पा म्हणाले, "हा ढीग जाळून बगू. खंगर न्हाई धरला, तर कोळसा न्हाई."

कांताबाईंनी मला ओढतच घरी नेलं. येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पुडीची) इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. त्या हसत पुन्हा वाढत राहिल्या.

पुण्यात परतल्यावर काही आठवड्यांनी सलीमभाईंचा फोन आला. "नळ्या साफ हायेत, मॅडम. ब्रश मारला की राख खाली." मागून कांताबाईंनी फोन हिसकावला. "औंदाची समदी पऱ्हाटी उघड्यावर टाकलीय. भिजू दे म्हणलं लई!"

माझ्या आलेखांवर आजवर पुष्कळ चर्चा झाल्या आहेत. त्या आलेखांवर विसंबून कुणी वर्षाचं जळण रानात उघडं ठेवलं, असं मात्र पहिल्यांदाच घडलं. फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ एकटीच हसत होते.