ब्रेकला मोटेचं चामडं

आधीच सांगते, करणी, चकवा, भानामती यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. कुणाच्या घरावर दगड पडतात असं ऐकलं की मी आधी शेजारची पोरं कुठं आहेत ते बघते! त्यामुळे मांजरसुंब्याच्या घाटात भर दुपारी जे घडलं ते लिहिताना मला भीती नाही वाटत, राग येतो. तो का, ते पुढे कळेलच.

आम्ही नेकनूरजवळ राहतो. घरी एक मोटार आहे. सासऱ्यांनी ती हैदराबादच्या एका जागीरदाराकडून जुनी म्हणून घेतली होती. सासरे वारले, मोटार राहिली. ती चालवतात माझे यजमान, आणि ती कशी चालवायची हे ठरवतात त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे भाऊजी. भाऊजींना मोटारीतलं काय कळतं? बसायचं कळतं.

मोटारीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. आतलं अस्तर चाकाच्या ड्रमवर घासतं, तेव्हा गाडी थांबते. ते अस्तर झिजून गेलं होतं. यजमानांनी हैदराबादच्या एका दुकानाला लिहिलं, तर त्यांनी दोन नमुने पाठवले. एक सुती पट्टा, जिनिंगच्या मशीनवर असतो तसला. दुसरं पितळेची तार घालून विणलेलं अस्तर. मी चुलीतले निखारे काढले आणि दोन्हींवर ठेवले. सुती पट्टा लगेच धुमसला. तारेचं अस्तर नुसतं काळं पडलं. "हेच मागवू," यजमान म्हणाले. मलाही बरं वाटलं, कारण माझं माहेर उमापूर, म्हणजे घाट उतरल्याशिवाय मला आईचं तोंड दिसत नाही.

तेवढ्यात भाऊजी ओसरीवर आले.

आमच्याकडे धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. पदर पुढे ओढून दाराआड उभं राहायचं आणि सांगायचं असेल ते कडेवरच्या लेकराला सांगायचं. माझी मुलगी तेव्हा बोलायलाही लागली नव्हती, पण घरातले निम्मे निर्णय तिच्या कानावरून जायचे.

भाऊजींनी नमुने हातात घेऊन टाकून दिले. "मोटंचं चामडं पडलंय की घरात! इतकी वर्सं हिरीत खालीवर झालं तरी फाटलं न्हाई. त्ये सोडून हैदराबादची चिंधी कावून आनायची बे?"

मी मुलीला म्हटलं, "सांग गं बाई काकांना, मोट पाण्यात असते, ब्रेक तापतो."

भाऊजीही मुलीलाच म्हणाले, "तुझ्या आईला म्हनावं, चुलीपुढचं चुलीपुढं ठिव."

मी दाराच्या फटीतून यजमानांकडे पाहिलं. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "दादा म्हणतेत तसं करू," एवढंच म्हणाले. निखाऱ्याचं नाव नाही, काही नाही!

चामडं एरंडेलात भिजवून, कापून, तांब्याच्या रिव्हेटांनी बसवलं. सपाटीवर गाडी थांबायची, म्हणून भाऊजी गावभर मिशीवर ताव देत फिरले.

मग एकदा भाऊजींना बीडला कचेरीत काम निघालं. मलाही माहेरी सोडायचं ठरलं. पुढे हे दोघे भाऊ, मागे मी आणि मुलगी. उन्हं चढली होती, पण वारा लागावा म्हणून टप मागे पाडलेला. घाट सुरू झाला आणि थोड्याच वेळात जोडे जळाल्यासारखा वास आला. यजमानांनी पेडल दाबलं, ते सरळ तळाला टेकलं. हातब्रेक ओढला, तोही मोकळा. गियर बदलायला गेले तर तो करकर वाजला आणि पडला नाही. गाडी नुसती सुटली... खाली वळण, वळणाच्या पलीकडे दरी, आणि अलीकडे कापसाच्या गाड्या वर चढत होत्या. बैलांच्या शेजारून बायामाणसं चालत होती.

माझा पदर कुठं गेला मला माहीत नाही. मी मुलीला छातीशी आवळलं आणि भाऊजींच्या तोंडावर ओरडले, "आता सांगा की तुमच्या चामड्याला थांबायला!"

आणि त्याच क्षणी मोटारीची मागची बाजू खाली बसली.

घाट उतरताना बैलांच्या मानेवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून गडी बैलगाडीच्या मागच्या टोकाला लोंबकळतात. गाडी मागे कलते, तिला उलाळ होणं म्हणतात. अगदी तसंच झालं. स्प्रिंगा करकरल्या, माझी सीट खाली गेली, मोटारीचं तोंड वर उचललं गेलं. धक्का नाही, हिसका नाही. गाडी हळू होत गेली आणि वळणाच्या अलीकडे, भर उतारावर, उभी राहिली. मी मागे वळून पाहिलं. रिकामा रस्ता आणि आमचीच धूळ.

आम्ही सगळे उतरलो. यजमानांनी चाकांना दगड लावले. मी मुलीला घेऊन बाजूला उभी होते, गाडीत कुणीही नव्हतं, आणि तेव्हा मोटारीची मागची बाजू सावकाश वर आली. पोती उतरवल्यावर बैलगाडी येते तशी. हे यजमानांनीही पाहिलं.

नंतर मागची चाकं उघडली तर ड्रममधून काळा भुगा सांडला. चामड्याचा तुकडा म्हणून शिल्लक नव्हता. आणि भाऊजी काय म्हणाले असतील? चिमूटभर राख उचलून म्हणाले, "बघा! जळून ग्येलं, पर गाडी धरली. लई इमानी चामडं हाय!"

मी यजमानांना बाजूला घेतलं. "पेडल दाबलं तेव्हा पायाला काही लागलं का?"

"न्हाई गं. मोकळंच ग्येलं."

"मग थांबली कशी?"

"मला काय म्हाईत..."

"मग हे दादांना सांगा."

त्यांनी पुन्हा अंगठ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला घाटापेक्षा या माणसाची जास्त चीड आली.

घरी आल्यावर कितीतरी दिवस चर्चा चालली ती मी भाऊजींशी तोंड उघडून बोलले याची. ब्रेकबद्दल एक शब्द नाही! जाऊबाई म्हणतात, नारायणगडाच्या महाराजांनी तारलं. कुणी म्हणतं चाकाखाली दगड आला असेल. दगड आला असता तर गाडीचं तोंड वर कसं उचललं गेलं? मला यातलं काहीच पटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही. ज्यानं कुणी मागून भार दिला त्याचे उपकार आहेतच. पण भल्या माणसा, तू गाडी थांबवलीस आणि माझ्या भाऊजींना कायमचं खरं ठरवलंस!

कारण भाऊजींनी मोटारीपुढे नारळ फोडून नवं चामडं कापून घेतलं आहे. येत्या अक्षयतृतीयेला पुतणीचं वऱ्हाड घेऊन तीच मोटार तोच घाट उतरणार आहे. यजमान "हो" म्हणून बसले आहेत. मी भांडले, रडले, जेवले नाही. उपयोग झाला नाही.

तो भार कुणासाठी आला होता, हे मला अजून कळलेलं नाही. या दोघा भावांसाठी आला असेल तर प्रश्नच नाही. पण माझ्यासाठी आला असेल, आणि या खेपेला मी गाडीत नसले तर? मुलीला मी उमापूरला आईकडे ठेवून आले आहे, बैलगाडीनं जाऊन. अक्षयतृतीयेला मागच्या सीटवर मी बसणार आहे.