मोजणीत न आलेल्या पाट्या

रत्नागिरीतल्या एका दैनिकात मी एकोणीस वर्षं बातमीदार होतो. दैनिकाने जिल्ह्याची पानं कमी केली तेव्हा ज्यांना घरी बसवलं त्यांत मी होतो. त्यानंतर मिळालेलं पहिलं काम एका अभ्यासाचं होतं. सरकारी गाड्यांच्या मार्गांवर खासगी गाड्यांना मोकळीक दिली तर प्रवाशांचं काय होतं आणि गाडीवाल्यांचं काय होतं, हे मुंबईतली एक संस्था तपासत होती. तसंच काम आणखी काही गरीब देशांत चालू होतं आणि सगळीकडचे आकडे एकाच साच्यात बसवायचे होते. माझ्याकडे रत्नागिरी तालुक्यातले चार मार्ग आले. हे त्यांतल्या एका मार्गाबद्दल आहे.

मार्ग खाडीपलीकडच्या मच्छीमारांच्या गावाचा. तिथे रोज संध्याकाळी एक लाल गाडी मुक्कामाला यायची आणि सकाळी साडेसहाला रत्नागिरीला सुटायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे. सकाळचा चहा पाळीपाळीने एकेका घरातून यायचा. कंडक्टर बारा वर्षं त्याच मार्गावर होता. गाव त्याला मास्तर म्हणायचं.

माझं काम मोजायचं होतं. सलग तीन दिवस पहिल्या गाडीत बसायचं, प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले, किती उभे राहिले, ते लिहायचं. कामाबरोबर सूचनांची एक पुस्तिका होती. पाहणीचा उद्देश प्रवाशांना सांगू नये, सांगितल्यास त्यांचं वागणं बदलतं, असं तिच्यात होतं. बातमीदारीत मी याच्या उलट शिकलो होतो: आधी आपण कोण ते सांगायचं, मग विचारायचं. पुस्तिका लिहिणारे माझ्यापेक्षा जास्त शिकलेले होते. मी पुस्तिकेचं ऐकलं.

पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि हातात फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी थांब्यावर उभा राहिलो. एकाने विचारलं, कुठून आलात. मी म्हटलं, गाडीची पाहणी आहे. त्याने मान हलवली आणि तो किनाऱ्याकडे चालत गेला. नंतर कुणी काही विचारलं नाही.

गावातून अकरा माणसं चढली. कंडक्टरने प्रत्येकाला तिकीट दिलं, सुटे परत केले आणि तीन दिवसांत माझ्याशी एकही जादा शब्द बोलला नाही. मी त्याच्या नावापुढे ‘वर्तन: समाधानकारक’ असं लिहिलं. मागच्या लांब बाकाखाली प्लास्टिकची पोती अंथरलेली होती, ती ओली होती आणि त्यांना मासळीचा वास होता. मी ‘स्वच्छता: असमाधानकारक’ असं लिहिलं. थांब्यावर एक म्हातारी तिन्ही दिवस रिकाम्या हाताने उभी होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहायची. कुणाला तरी सोडायला आली असावी, असं समजून मी तिला मोजलं नाही. फॉर्ममध्ये सामानाचा रकाना नव्हता. तिन्ही दिवस गाडीत सामान असं काही नव्हतंच, त्यामुळे रकाना नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवशी गाडीवाल्याची मुलाखत होती. लांज्याचा माणूस, दोन मिनीबस. मार्ग मोकळा झाला तर एक गाडी खाडीपलीकडे लावायची त्याची तयारी होती. तो नीट बोलला. वेळ पाळेन म्हणाला, सीटं चांगली ठेवेन म्हणाला. एकच अट घातली. “मासळी घेणार नाही. एकदा पाटी चढली की कॉलेजची मुलं बसत नाहीत, आणि वास चार दिवस जात नाही.” मी ते लिहून घेतलं. त्या गाडीत पाट्या चढत नाहीत हे मी तीन दिवस डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्या वाक्याला मी महत्त्व दिलं नाही.

अहवाल झाला. वर्षाच्या आत पहिली गाडी बंद झाली, मुक्काम उठला आणि मार्गावर मिनीबस आल्या. हे अहवालामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. निर्णयाच्या कागदांना अहवालातलं आमचं पान जोडलेलं होतं, एवढं मी स्वतः पाहिलं आहे.

सुरुवातीला दोन मालकांच्या मिनीबस धावल्या. एकमेकींच्या पुढे जाण्यासाठी त्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुटायच्या आणि मग दुपारपर्यंत काही नसायचं. कंटाळून एका मालकाने गाडी काढून घेतली. उरली ती लांज्याच्या माणसाची. ती सीटं भरल्यावर सुटू लागली. तोही मला एकदा बाजारात भेटला तेव्हा खूश नव्हता. डिझेलचं गणित बसत नाही, पण आता सोडताही येत नाही, असं काहीसं म्हणाला.

छापील अहवालाच्या दोन प्रती मला मिळाल्या होत्या. ज्यांची माहिती घेतली त्यांना एक प्रत दाखवावी, असं मला वाटलं. निदान तेवढा तरी जुना नियम पाळावा म्हणून मी दुपारच्या मिनीबसने गावात गेलो. थांब्यासमोरच्या घराच्या खळ्यात तीच म्हातारी बोंबील वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं.

“पट्टा खय गेला तुमचा?” ती म्हणाली.

मी म्हटलं, तो तेवढ्या कामापुरता होता. आणि पहिल्यांदाच, मी कोण होतो आणि काय मोजत होतो, ते तिला सांगितलं. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

“म्हंजे तुमी यष्टीचं तपासणीवालं न्हवतंव?”

नव्हतो, असं मी सांगितलं. मग गावाने काय केलं होतं ते तिने सांगितलं.

तिचे गुडघे गेल्यापासून ती बाजारात जात नव्हती. संध्याकाळी होड्या लागल्या की लिलावात मासळी घ्यायची, बर्फ घालून पाटी भरायची आणि सकाळी मास्तरच्या हवाली करायची. रत्नागिरीच्या स्टँडवर तिची विधवा मुलगी पाटी उतरवून घ्यायची आणि मासळी बाजारातल्या आपल्या जागेवर बसायची. ती जागा म्हातारीच्या सासूपासूनची. अशा पाच घरांच्या पाट्या जायच्या. पाटी कुणाची ते कळावं म्हणून कडेला चिंधी बांधलेली असायची. हिची हिरवी, जुन्या लुगड्याची. मास्तर चिंधी बघून पाटी त्या त्या बाईच्या हातात द्यायचा. सोबत बाई नसताना नुसती पाटी न्यायला नियमात परवानगी नव्हती. बारा वर्षं गावाने आणि मास्तरने ते सांभाळलं होतं.

पट्टा लावलेला माणूस फॉर्म घेऊन थांब्यावर उभा आहे, ही बातमी किनाऱ्यावर पोचली तेव्हा पाचही पाट्या निघायच्या तयारीत होत्या. कुणी सांगितलं नाही, कुणी बैठक घेतली नाही. पाट्या परत घरात गेल्या. पहिल्या दिवशी रिक्षाने पाठवल्या, त्या बाजार अर्धा उठल्यावर पोचल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पाठवल्याच नाहीत, मासळी मीठ लावून वाळत टाकली.

“मास्तरची नोकरी गेली असती,” ती म्हणाली. “बारा वर्सं त्यानं आमची पाटी नेली. तीन दिवस आमी त्याला झाकला.”

मास्तरची बदली पहिली गाडी बंद झाली तेव्हाच झाली होती.

मग तिने विचारलं, आमच्या गावाचं काय लिवलंत. मी पान काढून वाचून दाखवलं. पहिल्या फेरीला मागणी कमी, मालवाहतुकीसाठी वापर आढळला नाही, खासगी छोट्या गाडीने गरज भागू शकेल. ती ऐकत होती.

“खोटा नाय लिवलात,” ती म्हणाली. “आमीच तसा दाखवला.”

मुलीचं मी विचारलं. मिनीबस पाटी घेत नाही. रिक्षा रोज परवडत नाही आणि वेळेवर पोचत नाही. सासूपासूनची जागा महिनाभर रिकामी राहिली तेव्हा शेजारणीने आपला क्रेट तिथपर्यंत सरकवला. नंतर तिथे दुसरी बाई बसली, तिचा माल ट्रकने येतो. मुलगी आता कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात जाते. बर्फात हात घालून दिवसभर उभं राहायचं काम आहे. कारखान्याची गाडी तिला न्यायला येते, एवढं म्हातारीने मुद्दाम सांगितलं.

मी पेन काढलं. अहवालाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पाच पाट्या लिहिल्या आणि प्रत्येकीची चिंधी विचारली. हिरवी, लाल, पांढरी, निळ्या काठाची, आणि एक चिंधी नसलेली. ती सुतळीने ओळखायचे. तिने एकही चुकवली नाही.

“ह्यानं गाडी येल?”

“नाही.”

“मग कशाला लिवताव?”

संस्थेला मी नंतर दोन पानांचं पत्र पाठवलं. माहिती गोळा करण्याची मुदत संपली आहे, पुढच्या टप्प्यात आपल्या सूचनेचा विचार करू, असं उत्तर आलं. भाषा सभ्य होती.

चारच्या सुमाराला मिनीबसचा हॉर्न वाजला. तिच्यानंतर दुसरी गाडी नव्हती. म्हातारीने वर्तमानपत्रात मूठ-दोन मूठ बोंबील गुंडाळले, सुतळी बांधली आणि घरी न्या म्हणून माझ्या हातात दिले. मी घेतले. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला तर ड्रायव्हरने पुडक्याकडे बघितलं.

“ते नाय चालणार सायेब. वास येतो. मालकाचं सांगणं हाय.”

मागे सात-आठ माणसं बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नव्हतं. मी पुडकं थांब्याच्या कट्ट्यावर ठेवलं आणि आत जाऊन बसलो. गाडी सुटली तेव्हा म्हातारी खळ्यातून बघत होती.