तिवशाच्या रस्त्यावरची दुसरी पंगत

यंदा पौषात अमरावतीला जायचं हे मी ठरवलं. ह्यांनी नाही. ह्यांनी तर अकोल्याहून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ निरोप धाडून दिला होता, "या वर्षी माझा खाडा धरा." खाडा म्हणजे खानावळीत न जेवायचा दिवस. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "खाडा-बिडा काही नाही, आपण चाललो." तर म्हणाले, "तू म्हणशीन तसं."

दिवाळीच्या आधी ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढतो, जीभ जड झाली. ते सगळं मी सोसलं. पण उठता-बसता "तू म्हणशीन तसं" ऐकून माझं डोकं उठलं. एरवी हा माणूस वांग्याच्या फोडी मोठ्या झाल्या तरी भांडायचा. आता कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतो. मला वाटलं, एकदा मित्रांचा खाडा पडला तर पुढे जगाचाच खाडा पडेल.

हे मित्र म्हणजे कॉलेजातले आठ जण. अमरावतीला शिकायला होते तेव्हा त्यांनी एक खोली घेऊन स्वतःची खानावळ काढली. कारण असं की रहीम आणि सुखदेव बाकीच्यांसोबत एकाच पंगतीत बसणार म्हटल्यावर स्वयंपाकी म्हणाला, रांधून देतो, वाढणार नाही. मग आठांनी आपसात कायदा केला. जेवून जो सगळ्यात शेवटी उठेल, पुढची पंगत त्यानं वाढायची. शिक्षण संपलं, कोणी मास्तर झालं, कोणी सरकारी नोकरीत गेलं, हे जिनिंगमध्ये मुनीम झाले, पण दर पौषात एक दिवस आठही जण भेटतात आणि तो कायदा पाळतात. चार वर्षांपासून बायकांनाही नेतात. पुरुष पहिल्या पंगतीला बसतात, दुसरीला आम्ही बायका आणि उशिरा आलेले.

ज्यांना अकोल्याहून जायचं आहे त्यांना सांगते, सकाळच्या पॅसेंजरनं जा. मेलमध्ये धड माणूस चढत नाही, पाय ओढणारा काय चढणार! मुर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबते. तिथली भजी घ्या, चहा घेऊ नका, चहा म्हणजे गुळाचं धुवण आहे. आमच्यासमोर बोरगावची एक बाई बसली होती. ह्यांच्या हाताकडे टकामका पाहत होती.

"काय झालं वो ह्याईले?"

"झटका."

"मंग घरी नाई ठेवाचं? इतक्या थंडीत कायले हिंडवून रायल्या?"

"घरी ठेवाले काय लोणचं हाये?" मी म्हटलं.

हे खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर पऱ्हाटी उपटलेली काळी वावरं, मधूनच तुरीची पिवळी रांग. मला ह्या दिवसांतली जमीन आवडते. काम झालेलं असतं तिचं, कोणाला काही मागत नाही.

बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरावी लागते. ती निघून गेली होती, मग टांगा केला. टांगेवाला जे सांगेल त्याच्या अर्ध्यापासून सुरुवात करा. आम्ही अंबादेवीच्या देवळाजवळ धर्मशाळेत उतरलो. खोली स्वच्छ होती, सतरंजी आपली आपण न्यावी. संध्याकाळी देवीचं दर्शन घेतलं, जवाहर गेटाजवळ संत्री घेतली. संत्री पिवळी धमक पाहून भुलू नका. हातात घेऊन पाहा, जड आहे तेच रसाचं. ह्यांनी एक सोलायला घेतलं डाव्या हातानं, मांडीत दाबून. मला राहवलं नाही, ओढून घेऊन सोलून दिलं. तेही मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तिवशाकडे जाणारी एस.टी. धरली. रस्ता चांगला, नागपूरचा मोठा रस्ता आहे. तिवशाच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं. तिथून आत बाबारावांचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबाराव आठांपैकी एक, ह्या वर्षीची पाळी त्यांची. फाट्यावर ते स्वतः दमणी घेऊन उभे होते, बैलांच्या गळ्यात घुंगरं होती.

"या वसंतराव, या. सावकाश. तुमी घाई करू नका, आमी उतरवतो तुमाले."

हे ऐकून मी चमकले. ह्या लोकांत एकमेकांना कोणी कधी 'तुमी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ह्यांना तर कोणी वसंतही म्हणत नसे. कॉलेजात कापसाच्या वाळक्या काटकीसारखे वाळकुडे होते म्हणून नाव पडलं पऱ्हाटी, तेच चालत आलं. दरवर्षी दुरून पहिली हाक यायची ती "काबे पऱ्हाटी!" नाहीतर एखादी शिवी.

बगीच्यात पोचलो तर अचलपूरचे रहीमभाई, तिथल्या शाळेत मास्तर आहेत, धावत आले. "भाईसाहब, आप इधर तकिये पे बैठिए. ठंड तो नहीं लग रही?" बाकीचेही तसेच. हळू बोलत होते, जसं आत कोणी निजलं आहे. ह्यांच्या अंगावर शाल टाकली, आधी होती तिच्यावर आणखी एक. हे हो हो करत बसले. मी चुलीकडे गेले. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा घरी ठेवलं असतं तर बरं झालं असतं, ती बोरगावची बाई खरी ठरली.

जेवायला रोडगे होते. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. तिसऱ्या रोडग्याला थांबावं. चौथा खाल्ला तर गाडीत झोप लागते आणि स्टेशन जातं.

पहिली पंगत बसली. हे डाव्या हातानं हळूहळू खात होते. सगळ्यांना माहीत होतं की शेवटी हेच राहणार आणि वाढायचं ह्यांच्यावरच येणार. बाकीचे एकेक करून उठले, पण ते ह्यांच्यावर येऊ नये म्हणून बाबाराव उठेनात. रोडग्याचा एक तुकडा धरून उंदरासारखा कुरतडत बसले. ह्यांच्या लक्षात आलं. ह्यांनीही शेवटचा घास ताटात ठेवून दिला आणि हात मांडीवर घेतला. दोघं समोरासमोर. एक उठेना, दुसरा उठेना. दोन झाडांपलीकडे आम्ही बायका पानं मांडून बसलेल्या, पोटात कावळे ओरडत होते.

"वसंतराव, तुमी उठा, हात धुवा," बाबाराव म्हणाले. "मले अजून लागते."

ह्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. रागावले की तशी होते, पण झटका आल्यापासून मी ती पाहिली नव्हती.

तेवढ्यात सायकलवरून सुखदेवराव आले. ते रस्तेखात्यात आहेत, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. वर्षभर चांद्याकडे बदलीवर होते, आठवड्यापूर्वीच परत आलेले, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. सायकल झाडाला टेकवली, पाय धुतले, आमच्या पंगतीच्या टोकाला येऊन बसले आणि तिथूनच ओरडले,

"काबे पऱ्हाटी! अजून तेच? सगळे उठले अन् तू घास चघळून रायला? चल उठ, वाढ! माये आतडे पिळून रायले!"

बाबाराव घाईघाईनं म्हणाले, "मी हाव ना शेवटी, मी वाढतो."

"तुह्यं ताट कोरडं हाये. तू काय ताट खाऊन रायला?"

रहीमभाई डोळ्यांनी खुणा करू लागले. सुखदेवरावांनी मग नीट पाहिलं. तो लोंबता हात दिसला. त्यांचा चेहरा उतरला. मी उठले. म्हटलं, बादली मीच घेते, वाढून टाकते, संपवते हे एकदाचं.

"बस," हे म्हणाले.

मला म्हणाले. शब्द जड होता, पण स्पष्ट होता. मी बसले. ह्यांनी ताटातला घास तोंडात टाकला, डावा हात जमिनीला टेकला आणि उठले. बाबाराव हात द्यायला पुढे झाले तर त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागे सरले.

वाढायला दोन हात लागतात, एकाला बादली, एकाला पळी. रहीमभाई काही न विचारता आले, बादली धरून बाजूला उभे राहिले. पहिली पळी सुखदेवरावांची. ती कलंडली आणि अर्धं वरण पानाबाहेर गेलं.

सुखदेवराव खाली बघून म्हणाले, "पानात वाढतात बे. जमिनीले भूक नाई."

हे हसले. तोंड एका बाजूनं वाकडं होतं हसताना, पण हसले. मग बाबाराव हसले, मग सगळे. रहीमभाई म्हणाले, "अबे जल्दी कर, मेरा हाथ टूट रहा है!" त्यानंतर त्या बगीच्यात 'तुमी' ऐकू आलं नाही. माझ्या पानाशी आले तेव्हा मी म्हटलं, पुरे. त्यांनी आणखी एक पळी ओतली. भाजी दुसऱ्या कोणी वाढली असती तर जेवण अर्ध्या वेळात झालं असतं. पण भाजीही ह्यांनीच वाढली. आम्ही गार रोडगे खाल्ले.

निघताना पुढच्या वर्षी कोणाकडे, हे विचारायच्या आधीच ह्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणजे आमच्याकडे, अकोल्याला. मला कोणी विचारलं नाही.

परतीला दुपारची गाडी घेऊ नये, बडनेऱ्यापासून उभ्यानं यावं लागतं. आम्हाला एका पोलिसानं जागा दिली. ती ह्यांना नको होती, मीच बसले.

घरी येऊन आता महिना झाला. हात तसाच आहे, तो काही अमरावतीला जाऊन बरा होत नाही. मी म्हटलं, पुढच्या पौषात पुरणपोळ्या करू, गावात रोडग्यांना आर कुठे लावणार? म्हणाले, अंगणात. म्हटलं, धूर होईल, शेजारीण भांडेल. म्हणाले, भांडू दे. म्हटलं, मी नाही करणार. तर जड जिभेनं मला असं काही सुनावलं की ते इथे लिहिता येत नाही. चार दिवस वाद चालला. मी हरले. अंगणात गोवऱ्या थापून वाळत घातल्या आहेत आणि शेजारीण कालच येऊन भांडून गेली.