सभापतींना वाचा फुटेल तेव्हा

सेप ब्लेंकिनला हळू बोलणं कधी जमलंच नाही. उभा जन्म दगडाच्या खाणीत गेला, सुरुंगांनी एक कान बसला. माझ्या पबमध्ये त्याने बिअर मागितली की समोरच्या चर्चमधले पाद्रीबुवा दचकायचे. पण माणूस लाख मोलाचा. त्याची बायको डॉर्कस अर्धांगवायूने आमच्या थॉर्नबेकच्या छोट्या हॉस्पिटलात पडून होती, आणि सेप रोज दुपारी स्वतःच्या हातचं अंड्याचं कस्टर्ड घेऊन तिच्याकडे जायचा. "सेप, मी वायूने मेले नाही, पण तुझं कस्टर्ड मला नेणार," असं डॉर्कस म्हणायची आणि सगळं खायची.

एकाहत्तर साली वरून फर्मान सुटलं. छोटी हॉस्पिटलं परवडत नाहीत, थॉर्नबेकचं बंद करायचं, पेशंट शहरात हलवायचे. शहर डोंगरापलीकडे. जायला दोन बस बदलायच्या, आणि रविवारी तर बसच नाही. सेपचं तोंड एवढंसं झालं.

"तिला तिथं कोण ओळखतं गं, हिल्डा?" तो मला म्हणाला. "रविवारी ती दाराकडे बघत बसेल."

"मग खासदाराला धर," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण गोम तिथेच होती. आमचे खासदार ऑब्री लँगस्टाफ पार्लमेंटचे सभापती. सभापती झाला की माणसाला ना पक्ष, ना बाजू. सभागृहात स्वतःचं मत मांडायचं नाही. निवडणुकीत मोठे पक्ष त्याच्यासमोर उमेदवारसुद्धा देत नाहीत. सगळ्या देशाला बोलायची पाळी देणारा माणूस आमचा, आणि देशात मुकं गाव कुठलं, तर तेही आमचंच! आहे की नाही मजा?

तरी सेप गेला. शनिवारी टाउन हॉलमध्ये लँगस्टाफसाहेब लोकांना भेटायचे. मीही सोबत गेले, नाहीतर सेपच्या आवाजाने खिडक्या फुटल्या असत्या.

साहेबांनी फार प्रेमाने ऐकलं. डोळेसुद्धा ओले केले. मग म्हणाले, "ब्लेंकिन, काळजाला भिडलं बघ. पण माझे हात बांधलेत. मंत्र्यांच्या कानावर घालतो."

"जरा मोठ्याने घाला, साहेब," सेप म्हणाला.

मंत्र्यांचा कान सेपच्या कानापेक्षा बरा नसावा, कारण पुढे काहीच झालं नाही. तेवढ्यात बातमी आली, लँगस्टाफ निवृत्त होणार! आता आमच्याकडे निवृत्त सभापतीला व्हायकाउंट करायची रीत आहे. आयुष्यभर तोंड मिटून बसल्याबद्दल माणसाला लॉर्ड करायचं, आणि वर त्याच्या पोरालाही मागाहून तोच किताब! आमच्या गावात तोंड मिटून राबणाऱ्या बाया ढिगाने आहेत, त्यांना कुणी साधी खुर्ची देत नाही. असो, माझं तोंड उघडलं की लवकर मिटत नाही.

किताबाला गावाचं नाव लागतं. शेजारचं क्रॅगली म्हणे, साहेब आमच्याकडे जन्मले. आमचा बेकर म्हणे, जन्मले असतील, पण दात इथे पडले. महिनाभर दोन्ही गावं भांडली. दोन्ही क्रिकेट संघांनी मॅच रद्द केली. शेवटी व्हायकाउंट लँगस्टाफ ऑफ थॉर्नबेक असं ठरलं आणि गावाने पताका लावल्या.

सगळ्यात जास्त नाचला तो सेप. "अगं, आता ते सभापती नाहीत! लॉर्ड झाले, आता त्यांना वाचा फुटेल. पहिलंच भाषण हॉस्पिटलावर करतील, बघशील तू!" त्याने डॉर्कसलाही तसं सांगून टाकलं. 

पहिल्या भाषणाला आम्ही दोघं लंडनला गेलो, पार्लमेंटमधल्या लॉर्डांच्या सभागृहात वरच्या गॅलरीत बसलो. व्हायकाउंटसाहेब उठले. माजी सभापती म्हणून ते कुठल्याच पक्षात बसत नव्हते, मधल्या बाकांवर होते. बोलले मात्र झकास. आमच्या डोंगरांवर बोलले, मेंढ्यांवर बोलले, दगडी कुंपणांवर तर फारच बोलले.

"आता हॉस्पिटल येईल," सेप माझ्या कानात कुजबुजला. सेपची कुजबूज ती! खालच्या दोन म्हाताऱ्या लॉर्डांनी वर पाहिलं.

हॉस्पिटल काही आलं नाही. साहेब म्हणाले, मला बोलण्यासारखं बरंच आहे, पण पहिल्या भाषणात वादाचा विषय काढू नये अशी या सभागृहाची परंपरा आहे. सगळे लॉर्ड "वा, वा" म्हणाले. साहेब बसले.

"संपलं?" सेपने विचारलं. मी मेलीने त्याचा हात तेवढा धरला.

हॉस्पिटल बंद झालं. डॉर्कसला शहरात नेलं. त्यानंतरच्या रविवारी बंद हॉस्पिटलाच्या दारावर आठवणीची पाटी लावायचा समारंभ निघाला, आणि पडदा ओढायला कोण? आमचे व्हायकाउंट! पडदा ओढून झाल्यावर ते सेपजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्लेंकिन, माझ्याजोगतं काही असेल तर निःसंकोच सांग."

पाद्रीबुवा, बेकर, सगळं गाव ऐकत होतं.

"आहे ना," सेप गरजला. "आज बस नाही. तुमची गाडी आहे. मला डॉर्कसकडे सोडा. बोलायचं काही नाही, साहेब. नुसतं गप्प बसून चालवा. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

साहेब लालबुंद झाले. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? सेप पुढे बसला, मी कस्टर्डचं भांडं मांडीवर घेऊन मागे. सगळी वाट कुणी चकार शब्द काढला नाही.

डॉर्कस भिंतीकडे तोंड करून पडली होती. रविवार म्हणजे कुणी येणार नाही, हे तिने मनाशी धरलं होतं. सेपचा आवाज आला तशी वळली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मलाही आवरलं नाही. मग तिला दारात उंच टोपी हातात धरून उभे असलेले साहेब दिसले.

"हे कोण?"

साहेबांनी घसा साफ केला. किताब चांगला लांबलचक होता. पण सेप मध्येच म्हणाला, "हे? गाडीवाले."

"फार उपकार झाले हो," डॉर्कसने त्यांच्याकडे बघत डोळे पुसले. "पुढच्या रविवारी पण आणाल ना ह्याला?"

साहेबांनी आधी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.

"आणीन," ते म्हणाले.

आणि ते आले, दर रविवारी, डॉर्कस होती तोवर.