चौऱ्याऐंशी गोण्या

क्वांटिटी सर्व्हेइंग म्हणजे काय, हे मी पदवीची सगळी वर्षं गावभर समजावत फिरले. "म्हणजे तू बिल्डिंगी बांधणार?" "नाही हो काका, बांधायला काय काय आणि किती लागेल, ते नकाशावरून आधीच काढायचं." काका मान हलवायचे आणि आठवड्याने पुन्हा तेच विचारायचे. आता चंदनसारला टॉवरच्या साइटवर मी हीच नोकरी करते, तरी विचारतात. एकट्या आत्याला पहिल्या फटक्यात कळलं होतं. "म्हंजे यादी," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

यादी हा तिचाच प्रांत. आगाशीच्या आसपासच्या आमच्या चार गावांत लग्न ठरलं की आधी भटजी आणि मग आत्या. माणसं किती, जेवायला काय, एवढं सांगा. तांदूळ, डाळ, तेल, नारळ ती तोंडी सांगणार. तिला लिहिता येत नाही, म्हणून चौथीपासून लिहायला मी. पण कॉलेजात गेल्यावर मला वाटायला लागलं, ही आपली अंदाजपंचे आणि मी शास्त्र शिकलेली. भारीच शहाणी झाले होते.

शेवटच्या वर्षाला असताना गावच्या देवळाच्या सभामंडपाचं काम निघालं. मिक्सर भाड्याने, देखरेखीला मिस्त्री आणि घमेली गावाने हातोहात द्यायची, असं ठरलं. बैठकीत मिस्त्री म्हणाला, "सिमेंटच्या शंभर गोण्या सांगा."

मी उभी राहिले. "उगाच शंभर? स्लॅब, बीम सगळं मोजलंय मी. चौऱ्याऐंशी पुरे. सांडलवंडीचे तीन टक्के धरून!"

"ताई, पुस्तकातलं वेगळं असतं," मिस्त्री हसला. झालं, माझं टाळकंच सरकलं. एकेक बीम फळ्यावर मांडून दाखवला. कोणाला चूक काढता आली नाही, आजही काढून दाखवावी. चौऱ्याऐंशीच गोण्या आल्या आणि बाबा छाती फुगवून घरी आले.

स्लॅबच्या दिवशी गावजेवण होतं, त्याची यादी अर्थात आत्याची. आदल्या दुपारी डाळ मोजता मोजता तिने विचारलं, "सांडलवंड किती धरलीस?"

"तीन टक्के."

"वाढनारे कोन?"

"काय?"

"आचाऱ्याची मानसं वाढनार असली की वरन कमी लागतं. गावची पोरं असली की नुसता आग्रह, अर्धं पानाच्या बाहेर. मी यादी सांगताना आधी तेच विचारते. तुझी घमेली कोन देनार?"

"आत्या, स्लॅब आहे तो! वरणभात नाही!" मी ताडकन बोलले. ती पुन्हा डाळ मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नारळ फुटला. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. अर्धा आज, अर्धा उद्या केला, तर मधला सांधा कच्चा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. हे मिस्त्रीला ठाऊक होतं आणि मला. गाव आपलं मजेत होतं. दोनशे हात, त्यातले घमेल्याची सवय असलेले दहा. मावश्यांच्या गप्पा, काकांचे फोटो, आणि दर घमेल्यातून ओंजळभर माल खाली. अकरा वाजता शिडीखालचा ढीग बघून मी उरलेल्या गोण्या मोजायला धावले.

रेती-खडी डंपरने आली होती, मुबलक होती. गोण्या मात्र मोजून. अडीच वाजता पाच उरल्या आणि गाभाऱ्यासमोरचा कोपरा उघडाच होता. मी मनात भराभर मांडलं: बारा लागणार. सात कमी! रविवारची दुपार, आगाशीतलं दुकान बंद. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जन्मभर दर पावसाळ्यात लोक वर बोट दाखवून म्हणणार होते, ही ओल आमच्या शिकलेल्या पोरीची.

देवळामागे स्वयंपाक चालला होता, तिथे धावले. "आत्या, गोण्या संपल्या. चुकले मी," म्हणाले आणि रडूच फुटलं.

एका बसक्या ओट्याभोवती बायका पुऱ्या लाटत होत्या. "उठा गं, पोळपाट उचला," आत्या म्हणाली. तिने ओट्यावरची चादर ओढली, खालचं प्लास्टिक ओढलं. ओटा कसला, सिमेंटच्या बारा गोण्या!

"काल संध्याकाळी आनवल्या. उरल्या तर परत घेतो म्हनाला दुकानवाला."

मी तिला मिठीच मारली. पिठाचे हात वर धरून ती ओरडली, "अगं सोड, पुरी करपेल!"

चारला स्लॅब पुरा झाला. एक्याण्णव गोण्या लागल्या. पंगत बसली तसे समितीचे अध्यक्ष उठून म्हणाले, "पोरीने हिशेब काय चोख केला!"

"माझा कसला? आत्याचा!" मी सगळ्यांसमोर सांगितलं. मिस्त्रीने पहिली टाळी वाजवली.

"भाषनं नंतर. मानसं भुकेली बसलीत," म्हणत आत्याने वरणाची बादली माझ्या हातात कोंबली. मी ऐटीत पहिल्या पानाशी वाकले, पळी उलटी केली आणि निम्मं वरण जमिनीवर.

"हे धरलंस का गं?" आत्या मागून ओरडली.